दोन काठ्या, एक झोळी आणि न बसणारा भाऊ

सॅक भरायच्या आदल्या रात्री माझा धाकटा भाऊ वजनकाटा घेऊन बसला. टूथब्रशचा दांडा अर्धा कापून टाकणाऱ्या लोकांपैकी तो आहे. माझी झोळी त्यानं काट्यावर ठेवली. पट्टे आणि कड्या धरून ७३० ग्रॅम.

"ताई, पाऊण किलो नुसतं लोळायला?"

"आणि तुझ्या त्या काठ्या?"

"त्या चालायला लागतात."

त्याचा हिशेब सरळ आहे. चालायला लागतं ते सामान, थांबायला लागतं ते ओझं. मी वाद घातला नाही. झोळी सॅकच्या तळाशी कोंबली आणि वर रेनकोट टाकला.

तर हे परीक्षण या दोन वस्तूंचं. एक, ट्रेकिंगच्या काठ्या. त्याही दोन प्रकारच्या, माझ्या ॲल्युमिनियमच्या आणि त्याच्या कार्बनच्या. दुसरी, पॅराशूटसारख्या पातळ कापडाची, दोन झाडांना बांधायची झोळी. दुकानात हिला हॅमॉक म्हणतात, मी झोळीच म्हणणार. सहा दिवस आणि पाच रात्रींच्या सहलीत दोन्ही वस्तू वापरल्या. मुक्काम तंबूत, २,१०० मीटर उंचीवर, जाड बुंध्यांच्या झाडीत. तिथून ८०० मीटर वर चढलं की शिखर. डोंगराचं नाव देत नाही, कारण चढ आणि झाडं असलेला कुठलाही डोंगर या वस्तूंना चालतो. कंपन्यांची नावंही देत नाही, कारण त्यातल्या एकीशी भावाचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. माझ्याबद्दल सांगायचं तर वय ५८, उंची १५७ सेंटिमीटर, उजवा गुडघा कुरकुऱ्या, आणि ३१ वर्षं भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे कुठे कोन दिसला की तो मोजायची खोड.

आधी काठ्या. माझी जोडी ५४० ग्रॅमची, तीन तुकड्यांची, एकात एक सरकणारी. मूठ बुचाची, म्हणजे कॉर्कची. ही मूठ घाम शोषते आणि दोन दिवसांत हाताच्या आकाराची वाटायला लागते. भावाच्या काठ्यांना फोमची मूठ आहे. ती हलकी, पण घामानं ओली झाली की तळहाताला चिकटते. लांबी ठरवायची सोपी पद्धत अशी की काठीचं टोक जमिनीला टेकवून उभं राहायचं आणि कोपर काटकोनात आलं पाहिजे. माझ्यासाठी ती लांबी १०७ सेंटिमीटरच्या आसपास येते. चढाला मी १०० करते, उताराला ११५. पहिल्या दिवशी भाऊ याला हसत होता, कारण प्रत्येक वळणावर थांबून खिट्या उघडायच्या म्हणजे त्याची लय मोडते. त्याची लय मोडायचा मला तेव्हापासूनच नाद लागला.

मनगटाच्या पट्ट्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण वाटेत भेटलेल्या बहुतेकांनी तो चुकीचा घातला होता. हात वरून नाही, खालून घालायचा. पट्ट्याच्या फासातून हात वर आणायचा आणि मग पट्टा व मूठ दोन्ही एकत्र धरायची. असं केलं की भार मनगटातून पट्ट्यावर जातो, मूठ आवळावी लागत नाही. बोटं सैल राहतात. वरून हात घातला की पट्टा नुसता बांगडीसारखा लटकतो. खडकाळ, घसरड्या उतारावर मात्र हात पट्ट्यातून काढूनच टाकावा. तोल गेला आणि काठी कुठे अडकली, तर ती अंगठ्याला ओढून नेते.

काठ्यांनी दमायला कमी होतं अशी अनेकांची समजूत असते. तसं होत नाही. हात आणि खांदेही कामाला लागल्यावर एकूण ऊर्जा उलट थोडी जास्तच जाते, फक्त ती जाणवत नाही. फायदा खरा उतारावर आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उतरताना काठ्या वापरल्यानं गुडघ्यावरचा भार २५ टक्क्यांपर्यंत कमी झालेला दिसला होता. माझ्या उजव्या गुडघ्याला तो अभ्यास वाचता येत नाही, पण निष्कर्ष त्याला मान्य आहे.

शिखर आम्ही दुसऱ्या दिवशी केलं. जाऊन-येऊन १२ किलोमीटर आणि ८०० मीटरची चढाई. भावानं आदल्या रात्री हिशेब मांडला होता. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला, तो आजही वापरतात. सपाटीच्या दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. म्हणजे आमचे २ तास २४ मिनिटं अधिक १ तास २० मिनिटं. पावणेचार तास.

"पावणेचार म्हणजे दुपारच्या आत तंबूत," भाऊ म्हणाला. "मग संध्याकाळी पलीकडचा सुळका बघून येऊ."

मी विचारलं, "यात थांबायचा वेळ कुठे धरलाय?"

"नाहीच धरत तो. हा फक्त चालायचा वेळ."

आम्हाला साडेसहा तास लागले. त्यातला अर्धा तास वर शिखरावर बसण्यात गेला. माझ्या मते तो फार कमी होता, त्याच्या मते फार जास्त. वर गारठा होता. उंची वाढली की दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे मुक्कामापेक्षा तिथे पाच अंशांनी थंड, शिवाय वारा. घामेजलेला शर्ट पाठीला लागला की बसवत नाही हे मलाही कबूल आहे. शांत बसायला शिखर ही मुळात फार वाईट जागा आहे. सगळ्यांना तिथे फोटो काढायचे असतात, आणि डोक्यात उतार सुरू झालेला असतो.

उतारावर दोन घटना घडल्या. पहिली माझ्या काठीची. एका उंच पायरीवरून खाली काठी टेकवून भार टाकला, तर खालचा तुकडा वरच्यात सहा सेंटिमीटर सर्रकन शिरला. मी गुडघ्यावर आले. खिटीचा स्क्रू सैल झाला होता. नाणं घालून पाव फेरा आवळला आणि पुढचे चार दिवस काही झालं नाही, पण नव्या काठीचा स्क्रू दुकानातून निघतानाच आवळून द्यायला काय हरकत होती? घेणाऱ्यांनी घरीच एकदा पूर्ण अंगाचा भार टाकून बघा.

दुसरी घटना भावाच्या काठीची. त्याची कार्बनची जोडी ३९० ग्रॅमची, म्हणजे माझ्यापेक्षा १५० ग्रॅम हलकी, आणि हे त्यानं मला चढताना तीनदा सांगितलं होतं. कार्बन उभ्या दाबाला खमका असतो. आडवा झटका बसला, किंवा आधीपासून एखादा ओरखडा असला, की तो वाकत नाही, एकदम तुटतो. दोन दगडांच्या फटीत टोक अडकलं, हा आपल्या वेगात पुढे, आणि टक्. आवाज सुक्या फांदीसारखा. ॲल्युमिनियम अशा वेळी वाकलं असतं, मग ते पायाखाली धरून थोडंफार सरळही करता येतं. कंपनीनं नंतर कळवलं की आडव्या दाबानं मोडलेल्या काठीला हमी लागू नाही. डोंगरात काठीवर फक्त उभाच दाब येईल अशी व्यवस्था कशी करायची, हे भावानं त्यांना लिहून विचारलं आहे. उत्तर यायचंय.

त्या संध्याकाळचा सुळका अर्थातच राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तंबूतून बाहेर आले ती चौपायी. मांड्या अशा धरल्या होत्या की बसलं की उठवेना आणि उठलं की बसवेना. चढानं दम लागतो, पण पाय धरतात ते उतारानं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि त्यातून येणारं दुखणं लगेच येत नाही. ते एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतं. त्यामुळे आठवड्याची सुट्टी काढून दुसऱ्याच दिवशी शिखर गाठणारे तिसऱ्या-चौथ्या दिवशी कामातून जातात. आमचंही तेच झालं. भाऊ लंगडत होता, पण "जरा आखडलंय" यापलीकडे कबूल करत नव्हता.

मग मी सॅकच्या तळातून झोळी काढली.

बांधण्याचं काम त्यानं माझ्या हातातून घेतलं, कारण काम दिसलं की तो घेतोच. दोन झाडं निवडली, एकमेकांपासून चार मीटर. पट्टे गुंडाळले, कड्या अडकवल्या आणि झोळी अशी ताणली की तिच्यावर पत्ते खेळता आले असते. टणक, सपाट, दिसायला सुंदर. मी म्हटलं, "सैल कर." तो म्हणाला, "सैल केली तर जमिनीला टेकेल." आणि बसला. शिवणीतून करकर आवाज आला. मागच्या बाजूच्या फासाचे चार टाके उसवले.

मग माझ्यातली शिक्षिका जागी झाली. त्याच्या मोडक्या काठीच्या टोकानं मी मातीत आकृती काढली. झोळीत बसलेल्या माणसाचं वजन दोन पट्टे मिळून वर उचलतात. पट्टा जितका आडवा, तितकी त्याची ओढ वाया जाते, कारण वर उचलायला त्यातला थोडासाच भाग कामी येतो. पट्टा जमिनीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक पट्ट्यावर येणारा ताण माणसाच्या पूर्ण वजनाइतका. १५ अंशांवर तो जवळजवळ दुप्पट. भावानं बांधलेला कोन जेमतेम १० अंश होता, म्हणजे ताण जवळपास तिप्पट. त्याचं वजन ७८ किलो. प्रत्येक पट्ट्यावर सव्वादोनशे किलो, वर धपकन बसल्याचा झटका वेगळा. झोळीच्या पिशवीवर १८० किलोची मर्यादा छापलेली होती. ती वाचून दोन माणसं आरामात मावतील असं वाटतं, आणि चुकीच्या कोनात एकाच माणसानं ती ओलांडली. कंपनीनं हा कोन पिशवीवर छापायला हवा होता. त्या जागी एक हसरं जोडपं छापलंय.

तर बांधायची रीत अशी. झाडं साधारण चार मीटरवर. पट्टे बुंध्याला सुमारे १६० सेंटिमीटर उंचीवर. झोळी सैल, केळ्यासारखी वाकलेली. ३० अंशांवर ती मध्ये सव्वा मीटरला थोडी कमी खाली येते आणि बसायची जागा खुर्चीच्या उंचीवर राहते. सगळीच आकडेमोड नको असेल तर हाताची बोटं वापरा. अंगठा वर आणि तर्जनी पुढे अशी पिस्तुलासारखी मुद्रा केली, की अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतची तिरकी रेघ ढोबळमानानं ३० अंशांची असते. पट्टा त्या रेघेशी जुळला की झालं. झाड जिवंत आणि बुंधा निदान १५ सेंटिमीटर जाड असावा, वर वाळकी फांदी लटकत नाही ना हे बघावं. पट्टे किमान अडीच सेंटिमीटर रुंद हवेत, दोरी साल कापते. माझ्यासोबत आलेले पट्टे रुंदीला ठीक आहेत, पण नायलॉनचे आहेत. नायलॉन दमट हवेत ताणतं. रात्री खुर्चीच्या उंचीवर असलेली झोळी सकाळी पाटाच्या उंचीवर आलेली असते. पॉलिएस्टरचे पट्टे वेगळे घेतले तर हा त्रास जातो.

झोळीत शिरायचं म्हणजे आधी मधोमध बसायचं, मग पाय वर घ्यायचे. गुडघा टेकवून चढायला गेलात की ती तुम्हाला उलटी टाकते. आणि आत गेल्यावर सरळ झोपायचं नाही. सरळ झोपलं की पाठीची कमान होते, तासाभरात कंबर बोलायला लागते. डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला, असं तिरकं पडायचं. मग कापड खालून सपाट होतं आणि पाठ जवळजवळ अंथरुणावर असल्यासारखी पडते. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर पोचला तेव्हा तिथली माणसं सुती जाळ्यांत झोपत होती, आणि हॅमॉक हा शब्दही तिथल्या ताइनो लोकांच्या भाषेतून आला. त्यांना तिरकं झोपायला कुणी शिकवावं लागलं नसणार.

भाऊ पहिल्यांदा आत पडला तो सात मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. आधी त्यानं फोन काढला. झोळीत फोन बघणं म्हणजे दोन्ही हात वर धरून व्यायाम करणं. कोपर टेकायला जागा नाही, दोन मिनिटांत दंड भरून येतात, आणि हात निसटला तर फोन थेट नाकावर. मग त्यानं नकाशा काढला. तो वाऱ्यानं फडफडला. मग कुशीवर वळायचा प्रयत्न केला, झोळी हिंदकळली. मग बाजूला बघायला गेला तर दोन्हीकडून कापड वर आलेलं, बाजूचं काही दिसेना. या वस्तूचं हेच मला आवडतं. तिच्यात दुसरं काही करताच येत नाही. खुर्चीत बसून माणूस बुटाच्या नाड्या सोडवतो, सामान आवरतो, उद्याचं ठरवतो. झोळीत पडलं की फक्त वरचं दिसतं.

सात मिनिटांनी तो उठला आणि सरपण गोळा करायला गेला. सरपणाची गरज नव्हती, आमच्याकडे गॅसची शेगडी होती.

त्याच्यानंतर मी पडले. आधी पंधरा मिनिटं मांड्यांकडेच लक्ष. दुखणं असं की नाडीबरोबर ठोके देतंय. मग ते कधीतरी मागे पडलं. डोक्याकडच्या पट्ट्यावर एक मुंगी आली होती. झाडाकडून उतरत कडीपर्यंत आली, गार धातूला मिशा लावून बघितल्या, मागे फिरली. दोन वीत वर जाऊन पुन्हा खाली आली. पुन्हा कडी, पुन्हा माघार. अशा सहा खेपा मी मोजल्या. सातव्या खेपेला तिनं कडीची आतली बाजू धरली आणि उलटी लटकत पलीकडे गेली. त्यानंतर ती कापडाच्या घडीत दिसेनाशी झाली आणि पुढचा अर्धा तास मी ती मानेत शिरेल या भीतीनं अजिबात हलले नाही. निश्चल बसण्याची एवढी चांगली तालीम मला दुसऱ्या कुणी दिली नाही.

झोळी हलते त्याचीही वेळ मी घेतली, खोड जात नाही. २० हेलकाव्यांना ४३ सेकंद. एकाला दोन सेकंदांहून जरा जास्त. लंबकाच्या सूत्रात घातलं तर लांबी सव्वा मीटरला थोडी कमी येते, म्हणजे आपण बांधलेला झोल आणि घड्याळ यांचं बरोबर जुळतं. २०११ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी १२ जणांना दुपारी ४५ मिनिटं एकदा स्थिर आणि एकदा हलत्या पलंगावर झोपवून बघितलं होतं, तेव्हा हलत्या पलंगावर डोळा लवकर लागला. तो पलंग चार सेकंदांत एक हेलकावा घ्यायचा. माझी झोळी त्याच्या दुप्पट घाईची, तरी मला चालली. जाग आली तेव्हा ऊन दुसऱ्या झाडावर गेलं होतं.

रात्रीचं मात्र जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. "ताऱ्यांखाली झोपा" वगैरे. चौथ्या रात्री मी स्लीपिंग बॅग घेऊन झोळीत गेले. बॅग ऊब धरते ती तिच्यातल्या फुगीर हवेमुळे. अंगाखाली ती दाबली जाते, हवा निघून जाते, आणि खालून वारा थेट पाठीला लागतो. पोट गरम आणि पाठ बर्फ. खाली फोमची मॅट घातली तर ती सरकून पायथ्याशी गोळा झाली. दोन वाजता तंबूत पळाले. थंडीत झोळीत झोपायचं असेल तर खालून बांधायची वेगळी रजई मिळते, ती घ्यावी लागेल, आणि मग भाऊ वजनकाटा घेऊन पुन्हा येईल. आमच्यापुरती झोळी ही दुपारची वस्तू.

आणि दुपारची का, तर डोंगराचंच वेळापत्रक तसं असतं. उन्हानं उतार तापतात, हवा वर चढते, आणि ओलसर मोसमात बाराच्या पुढे ढग माथ्यावर गोळा व्हायला लागतात. गडगडाट झाला तर तो बहुतेक दुपारीच. जाणकार चढाईवाले पहाटे निघून दुपारच्या आत कडा सोडतात ते यासाठी. (गडगडाट सुरू झाला की झोळीतूनही उठायचं, झाडाला बांधून घेऊन वीज बघायची नसते.) तर चौथ्या दिवसापासून आम्ही मुकाट्यानं हे वेळापत्रक पाळलं. साडेपाचला उठून काठ्या घेऊन निघायचं, अकराच्या आत परत. चालणं किती, बसणं किती यावर मग भांडणच उरलं नाही, कारण वाटणी ढगच करत होते. भाऊ एकट्यानं सुळक्यापर्यंत जाऊन आला, उरलेल्या एका काठीवर. मी माझ्या दोन काठ्यांवर ओढ्याच्या वाटेनं दोन तास हळू चालले.

हळू चालताना एक गोष्ट लक्षात आली. काठीच्या टोकाला कठीण धातूची टोपी असते, खडकावर तिचा टकटक आवाज होतो. दोघं मिळून चार काठ्या असल्या की मागे कुणी टंकलेखन करतंय असं वाटतं. रबरी बूच लावलं की आवाज बंद, खडकावर पकडही बरी. पण चिखलात बूच घसरतं आणि चिखल ते ओढून घेतो. माझं एक पहिल्याच दिवशी गेलं. सुटी बुचं वेगळी मिळतात, जास्तीची एक जोडी घ्या. ओढ्याकाठी मी दोन्ही काठ्या काखेत धरल्या आणि तशीच चालले. तेव्हा कुठे पाण्याचे दोन वेगळे आवाज ऐकू आले, एक दगडावरून पडणारा आणि एक दगडाखालून जाणारा.

पाचवा दिवस धुक्याचा. पन्नास पावलांवरचं झाड दिसेना, सुळका नाही, माथा नाही, भावाला मोजायला काहीच नाही. तासभर आम्ही मळलेल्या वाटेनं वर-खाली केलं, काठ्या पुढे टेकवत, आंधळ्यासारखे. परत आलो. मी झोळी बांधली, नीट, ३० अंशांत, उसवलेल्या फासाच्या आत दोरीचा वेढा घेऊन. वर ताडपत्री. पट्ट्यांना कड्यांच्या जरा अलीकडे सुतळीचा एकेक तुकडा बांधून सोडला, म्हणजे बुंध्यावरून पट्ट्यानं ओघळत येणारं पाणी सुतळीवरून खाली टपकतं, झोळीत येत नाही. ही युक्ती फुकटची आहे आणि कुठल्याही माहितीपत्रकात नसते.

चहा करून मागे वळले तर भाऊ आत पडला होता. तिरका. मला वाटलं आता सात मिनिटं. मी दगडावर बसले. धुक्याचा एक थेंब पट्ट्यावर धरत होता, जाड होत होता, सुतळीपर्यंत सरकत होता आणि पडत होता. पुढचा. त्याच्या पुढचा. भाऊ डोळे उघडे ठेवून तेच बघत होता. चहा गार झाला तरी मी हाक मारली नाही.

"ताई," बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "डाव्या सुतळीवरचे थेंब उजवीपेक्षा लवकर पडतात."

"कितीनं?"

"मोजलं नाही."

आता घ्यावं की नाही याबद्दल. काठ्या ॲल्युमिनियमच्या घ्या, गुडघे चाळिशीच्या पुढचे असतील तर आजच घ्या. कार्बनच्या त्याच माणसानं घ्याव्यात ज्याला मोडल्यावर वाईट वाटणार नाही. खिटीचा स्क्रू तपासा, जास्तीची बुचं घ्या. झोळी चांगली आहे, तिच्या पट्ट्यांना मी पाचपैकी दोन देईन, कापडाला साडेचार. शिवण मध्यम, पण तिच्यावर अन्याय आमचाच झाला होता, त्यामुळे गुण कापत नाही. सुळके आणि माथे बघून परत आलेल्यांनी ती घेतली नाही तरी चालेल असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, ती त्यांनीच घ्यावी. मला दगडावरही बसता येतं.

आणि दोन्ही वस्तू घेणार असाल तर झोळी मुक्कामावर ठेवून जाऊ नका. सहाव्या दिवशी उतरताना आम्ही ती सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवली होती आणि अर्ध्या वाटेवर, दमलेल्या पायांनी, वीस मिनिटं बांधली. बांधायला दोन मिनिटं, सोडायला एक. त्या वीस मिनिटांनंतरचा उतार माझ्या गुडघ्यानं तक्रारीशिवाय काढला.

झोळी सध्या माझ्याकडे नाही. उसवलेला फास शिवून देतो म्हणून भाऊ घेऊन गेला, त्याला तीन महिने झाले. मागितली की म्हणतो, "धुवून देतो ताई, जरा ऊन पडू दे."